घाटापलीकडचा हुकूमशहा

"या देशाला एखादा हुकूमशहाच पाहिजे. दहा वर्षे दिला की सगळे सुतासारखे सरळ होतील." हे वाक्य ऐकले नाही असा माणूस आपल्या भागात शोधून सापडायचा नाही. एस.टी.ची वाट पाहताना, पानाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, इतकेच काय प्राध्यापकांच्या खोलीतही ते ऐकू येते. बोलणारा माणूस दुष्ट नसतो. एका उताऱ्यासाठी त्याने तालुक्याच्या कचेरीत तीन खेपा घातलेल्या असतात. त्याच्या गावचा साकव दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेलेला असतो आणि नव्या पुलाचे खांब तेवढे उभे असतात. त्याचा राग खरा असतो, म्हणून त्याला हसून उडवून लावणे बरे नव्हे.

पण वाचकहो, हे वाक्य बोलण्यापूर्वी इतरांनी एकदा विचार करावा, तर आपण जोयडा तालुक्यातल्या माणसांनी दोनदा करावा. कारण विसाव्या शतकातल्या एका हुकूमशहाचे राज्य आपल्या तालुक्याच्या हद्दीपर्यंत येऊन भिडले होते. थोडीथोडकी नव्हे, पस्तीस वर्षे ती हुकूमशाही आपली शेजारीण होती.

कॅसलरॉक हे नाव घेतले की आजच्या मुलांना दूधसागरचा धबधबा, पावसाळी सहली आणि बोगद्यांतून वळसे घेत उतरणारी गाडी आठवते. १९६१ पर्यंत मात्र कॅसलरॉक म्हणजे सरहद्द होती. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला आणि मुरगाव बंदरापासून घाट चढून वर येणारा लोहमार्ग बांधायचे ठरले. १८८८ पर्यंत तो मार्ग कॅसलरॉकला येऊन मिळाला. वर आपल्याकडे कॅसलरॉकला जकातीचे नाके, खाली गोव्यात कुळ्याला त्यांचे नाके. मध्ये घाट. वरच्या लोकांच्या सोयरिकी खाली, खालच्यांची कुळदैवते वर. जेवणाची चव एक, बोलणे एक, पण राज्ये दोन.

वर्गात मी दुसऱ्या महायुद्धाची कारणे शिकवतो तेव्हा फळ्यावर दोन नावे ठरलेली असतात, मुसोलिनी आणि हिटलर. कधी तरी मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, हे सगळं युरोपातलं. त्याचा आपल्याशी काय संबंध?" तेव्हा मी फळ्यावर तिसरे नाव लिहितो: आंतोनियू द ओलिव्हैरा सालाझार. क्रमिक पुस्तकात या गृहस्थाला जेमतेम एखादी ओळ मिळते. हुकूमशाही कशी येते आणि ती महायुद्धाची वाट कशी सोपी करते, हे समजून घ्यायला मात्र पहिल्या दोघांपेक्षा हा तिसराच जास्त उपयोगी आहे. कारण तो आरडाओरडा करणारा नव्हता.

हिशेबनीस

सालाझारचा जन्म १८८९ चा, पोर्तुगालमधल्या एका खेड्यातला, साध्या घरातला. तो शिकला आणि कोइंब्राच्या जुन्या विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. होय, प्राध्यापक! आमच्याच पेशातला. लग्न केले नाही, राहणी साधी, भाषण हळू आवाजातले. पैसे खाल्ल्याचा आरोप त्याच्यावर त्याच्या शत्रूंनीही फारसा केला नाही.

त्या वेळी पोर्तुगालची अवस्था काय होती? १९१० साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले होते. पण सोळा वर्षांत चाळीसहून अधिक सरकारे आली आणि गेली. महागाई वाढली, तिजोरी रिकामी झाली, रस्त्यावर संप आणि दंगे. लोक कंटाळले. २८ मे १९२६ रोजी लष्कराने उठाव करून सत्ता घेतली, तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. लष्कराला कवायत येत होती, हिशेब येत नव्हता. म्हणून १९२८ मध्ये त्यांनी या प्राध्यापकाला अर्थमंत्री केले. त्याची एकच अट होती: प्रत्येक खात्याच्या खर्चावर शेवटची सही माझी. ती मान्य झाली. वर्षभरात अंदाजपत्रकात शिल्लक दिसू लागली आणि देशभर त्याचा जयजयकार झाला.

१९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. १९३३ मध्ये नवी राज्यघटना आली. 'नवे राज्य' असे तिचे नाव. त्याच वर्षी गुप्त पोलीस उभे राहिले. पक्ष एकच उरला. वर्तमानपत्र छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाकडे जाऊ लागले. १९३६ मध्ये आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवर, ताराफाल येथे, राजकीय कैद्यांची छावणी सुरू झाली. यातली एकही गोष्ट एका रात्रीत झाली नाही. खर्चावरच्या सहीपासून सुरुवात झाली आणि प्रत्येक पायरीवर लोक म्हणत राहिले, "असू दे, निदान हिशेब तरी नीट आहे."

काळ सोकावतो

इतरत्र तरी वेगळे काय घडले? इटलीत १९२२ साली संप आणि गोंधळाला विटलेल्या मंडळींनी मुसोलिनीला वाट करून दिली. जर्मनीत पहिल्या महायुद्धातला पराभव, व्हर्सायच्या तहाचा अपमान आणि १९२९ नंतरची मंदी यांनी लोक पिचून गेले होते. बेकार साठ लाखांच्या घरात गेले होते. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोकळ्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला निम्मी मते कधीच मिळाली नाहीत. नोव्हेंबर १९३२ मध्ये शंभरातली तेहतीसच मिळाली. ३० जानेवारी १९३३ रोजी त्याला चॅन्सेलरच्या खुर्चीवर बसवले ते जुन्या मुत्सद्द्यांनी. हा माणूस आपण खिशात ठेवू, अशी त्यांची समजूत होती. दोन महिन्यांच्या आत, २३ मार्च रोजी, संसदेने आपले अधिकार स्वतःच्या हाताने त्याच्या स्वाधीन केले. विरोधात ९४ मते पडली. ज्यांच्या सदस्यांनी ती दिली त्या पक्षावर पुढे काही महिन्यांत बंदी आली.

आपल्याकडे म्हण आहे, म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. १९३१ ते १९३९ या आठ-नऊ वर्षांचा इतिहास या एका म्हणीत मावतो. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला. राष्ट्रसंघाने चौकशी केली, जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला, विषय संपला. १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर स्वारी केली. निर्बंध घातले ते तेल वगळून. मार्च १९३६ मध्ये हिटलरने तह मोडून ऱ्हाइनलँडमध्ये फौजा घातल्या. फ्रान्स गप्प बसला. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गेला. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला इंग्लंड-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकला आणि ज्यांचा देश कापला जात होता त्यांना चर्चेच्या खोलीतसुद्धा घेतले नाही. सीमाभाग म्हणजे काय, तो कागदावर कसा इकडचा तिकडे होतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट १९३९ मध्ये स्टॅलिननेही हिटलरशी करार केला आणि १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झाला. मग लढावेच लागले. निदान पाच कोटी माणसे मेली.

आता आपल्या मुकाट हिशेबनिसाने या वाटेत काय केले ते पाहा. जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये फ्रँकोने लोकनियुक्त सरकारविरुद्ध बंड केले. सालाझारने लगेच त्याची बाजू घेतली. पोर्तुगालच्या बंदरांतून आणि रस्त्यांवरून फ्रँकोला सामान पोचू दिले. सरहद्द ओलांडून जीव वाचवायला आलेल्या कित्येक निर्वासितांना धरून परत पाठवले. महायुद्ध सुरू झाल्यावर तो तटस्थ राहिला. तोफांच्या पोलादासाठी लागणारे वुल्फ्राम, म्हणजे टंगस्टनचे खनिज, त्याने इंग्रजांना विकले आणि जर्मनांनाही विकले. जर्मनांना जाणारे वुल्फ्राम जून १९४४ मध्ये थांबले, तेव्हा युद्धाचा निकाल जवळपास दिसू लागला होता. युद्धात न उतरणारा हुकूमशहा युद्धाच्या पापातून मोकळा असतो, असे मानू नये. ओरडणाऱ्याला शेजारी बसून साथ देणारा लागतोच.

मुरगावची आग

ते महायुद्ध आपल्यापासून किती लांब होते? फार तर घाट उतरण्याइतके. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोव्याचे मुरगाव बंदरही तटस्थ. त्या आडोशाला एहरनफेल्स, ड्राखनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आन्फोरा हे इटालियन जहाज येऊन थांबले होते. एहरनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रातून जर्मन पाणबुड्यांना खबरा जातात, असा इंग्रजांचा संशय होता. मार्च १९४३ मधल्या एका रात्री, 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी पलटणीतले काही प्रौढ गोरे गृहस्थ 'फीबी' नावाच्या जुनाट बोटीतून गुपचूप बंदरात शिरले आणि एहरनफेल्सवर चढले. गडबडीत चारही जहाजांवरच्या खलाशांनी आपापली जहाजे पेटवून बुडवली. तटस्थ बंदरातला हा हल्ला इंग्रजांनी कित्येक वर्षे झाकून ठेवला. १९७८ मध्ये जेम्स लीझरच्या पुस्तकातून ही कथा जगापुढे आली आणि १९८० मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. त्याच वर्षी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, जपानी आणि अमेरिकी नागरिकांची अदलाबदलही मुरगावच्याच धक्क्यावर झाली.

१९४५ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी दोघेही संपले. आपण मुलांना शिकवतो की हुकूमशाहीचा पराभव झाला आणि लोकशाही जिंकली. हे वाक्य कॅसलरॉकला खरे नव्हते. घाटाखालचा हुकूमशहा जागच्या जागी होता. १९४९ मध्ये 'नाटो' स्थापन झाली तेव्हा लोकशाहीच्या रक्षणासाठी सही करणाऱ्या पहिल्या बारा देशांत त्याचा पोर्तुगाल होता! रशियाविरुद्ध उपयोगी म्हणून त्याचे बाकी सगळे चालवून घेतले गेले. काळ पुन्हा सोकावला.

लग्नपत्रिकेवरची परवानगी

गोव्यातल्या माणसाला ही राजवट कशी भोगावी लागली? १९१० च्या प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना समान नागरी हक्क दिले होते. त्या मोकळ्या हवेत मराठी शाळा वाढल्या, वाचनालये निघाली, मराठी नियतकालिके चालू लागली. १९३० मध्ये सालाझारने वसाहतींचा कायदा आणला आणि वसाहती बाळगणे व तिथल्या लोकांना 'सुधारणे' हे पोर्तुगालचे ऐतिहासिक कर्तव्य ठरवले. छपाईवर तपासनीस बसले. लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी परवानगीसाठी पाठवावी लागे. जरा विचार करा, आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आधी सरकारने वाचायची!

सभा घ्यायची तर परवानगी. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियाँव मिनेझिस यांनी ती न घेता मडगावात सभा केली आणि दोघांना अटक झाली. लोहियांना हद्दीबाहेर सोडले. सप्टेंबरअखेर ते पुन्हा आगगाडीने निघाले, तर कुळ्याच्या स्थानकावरच त्यांना उतरवून आग्वादच्या किल्ल्यात टाकले. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभे केले, आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे हेही त्याच वाटेने गेले.

१९५१ मध्ये एक गंमत झाली. जगात वसाहत हा शब्द बदनाम होऊ लागला, म्हणून सालाझारने घटना दुरुस्त करून गोव्याला 'सागरापलीकडचा प्रांत' म्हणायला सुरुवात केली. पाटी बदलली, कोठडी तीच राहिली. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशाला एक निरोपाची मेजवानी होती. गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचे कुणी तरी बोलले. डॉ. पुंडलिक गायतोंडे हे नामवंत शल्यविशारद तिथे जेवायला होते. "माझा निषेध आहे," एवढेच ते म्हणाले. तेवढ्यावर त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आले. ना सभा, ना पत्रक, ना बाँब. जेवणाच्या टेबलावरचे एक वाक्य!

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९५५ मध्ये, अस्नोड्याचे बाळा मापारी पोलीस कोठडीतल्या छळाने मरण पावले. त्या वर्षी महाराष्ट्रातून आणि देशभरातून सत्याग्रही निघाले. सेनापती बापट, नानासाहेब गोरे, शिरुभाऊ लिमये, जगन्नाथराव जोशी, मधू लिमये. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, मधू लिमयांना बारा वर्षांची. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या नाक्यांवरून गोव्यात शिरले. आपल्या कॅसलरॉकहूनही जथे रुळांवरून आत गेले. गोळीबारात त्या दिवशी वीसहून अधिक माणसे पडली. त्यानंतर भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि कॅसलरॉकच्या पुढे घाटातली गाडी बंद झाली. जी गाडी सोयऱ्यांना भेटवत होती तिचे रूळ सहा वर्षे गंजत पडले.

ऋण कोणी फेडले?

१७ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सेनेने कारवाई सुरू केली. सैन्याची एक ब्रिगेड आपल्याच तालुक्यातल्या अनमोडकडून घाट उतरून मोल्ले आणि तिथून फोंड्याकडे गेली. गोव्यात पोर्तुगालचे तीन हजारांहून अधिक सैनिक होते. लिस्बनहून सालाझारची आज्ञा आली होती की शरणागती नाही. विजय मिळवा, नाही तर मरा. लिस्बनमध्ये बसून असे हुकूम काढणे सोपे असते. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी मात्र डोके ठिकाणावर ठेवले. निरर्थक रक्तपात नको म्हणून १९ डिसेंबरला त्यांनी शरणागती पत्करली. गोव्याची माणसे वाचली, गोव्याची गावे वाचली, त्यांचे स्वतःचे शिपाई वाचले. मायदेशी परतल्यावर त्यांना काय मिळाले? सैन्यातून बडतर्फी. ती रद्द व्हायला सालाझारची राजवट जावी लागली.

मोहन रानडे यांची गोष्ट तर मराठी माणसाने विसरूच नये. सांगलीचा हा तरुण शिक्षक म्हणून गोव्यात गेला, सशस्त्र लढ्यात उतरला आणि १९५५ मध्ये बेती येथे जखमी होऊन पकडला गेला. गोवा मुक्त झाला तेव्हा ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते. सुधीर फडके आणि इतर मंडळींनी त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. गोवा सुटून सात वर्षे उलटून गेली होती.

आणि ज्या पोर्तुगीज जनतेने "निदान हिशेब तरी नीट आहे" म्हणून मान हलवली होती, तिचे काय झाले? गोव्यातल्या पोलिसांत छळासाठी कुप्रसिद्ध झालेला कासिमिरो मोंतेरो पुढे सालाझारच्या गुप्त पोलिसांत गेला. १९५८ च्या निवडणुकीत सालाझारला आव्हान देणारे जनरल देल्गादो यांचा १९६५ मध्ये स्पेनच्या सरहद्दीजवळ खून झाला, त्यात हाच मोंतेरो होता. परक्यांवर चालवलेली काठी शेवटी घरच्यांच्याच पाठीवर येते. अंगोला, गिनी आणि मोझांबिक येथे १९६१ पासून तेरा वर्षे युद्ध चालले. पोर्तुगालची तरुण मुले तिकडे मरायला पाठवली गेली आणि अनेकांनी त्यापेक्षा देश सोडणे पसंत केले. ज्या हिशेबासाठी हुकूमशहा आणला तो हिशेबही सरतेशेवटी राहिला नाही. सरकारचा मोठा पैसा त्या युद्धांत जात होता आणि पोर्तुगाल पश्चिम युरोपातला सर्वांत गरीब देश राहिला होता. २५ एप्रिल १९७४ रोजी त्याच युद्धांना कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथून टाकली. सालाझार त्याआधीच, १९७० मध्ये, वारला होता. १९६८ मध्ये आजारपणामुळे त्याची सत्ता गेली, पण ते त्याला सांगायची कोणाची छाती झाली नाही. अखेरपर्यंत तो स्वतःला पंतप्रधानच समजत होता, असे सांगतात. ज्याने देशाला चाळीस वर्षे खरे बोलू दिले नाही, त्याला शेवटी स्वतःबद्दलचे खरे सांगणाराही कोणी उरला नाही.

म्हणून, ज्यांना दहा वर्षांसाठी हुकूमशहा हवा आहे त्यांना एवढेच सांगणे आहे. तो दहा वर्षांसाठी येत नाही. सालाझार छत्तीस वर्षे पंतप्रधान होता आणि गेला तो आजारपणाने, लोकांच्या मताने नव्हे. तो नेहमी ओरडतच येतो असे नाही. कधी तो स्वच्छ कपड्यांत, हिशेबाची वही घेऊन, मास्तरासारखा येतो. आणि त्याचे बिल सुरुवातीला दूरचे लोक भरतात, म्हणून जवळच्यांना तो स्वस्त वाटतो. आपल्या देशानेही १९७५ ते १९७७ या काळात आणीबाणी आणि वृत्तपत्रांवरचे तपासनीस पाहिले. गाड्या वेळेवर धावतात, असे तेव्हाही कौतुकाने बोलले जात होते. आपले नशीब की ती एकवीस महिन्यांत उठली आणि लोकांना मत देता आले.

राज्य चांगले की वाईट हे पारखायला मोठे ग्रंथ लागत नाहीत. रस्ता गुळगुळीत आहे का, गाडी वेळेवर आहे का, हे जरूर विचारावे. पण त्याआधी एक विचारावे. चारचौघांत जेवायला बसलो असताना "माझा निषेध आहे" असे म्हणून माणूस रात्री आपल्या घरी झोपायला जाऊ शकतो का? जिथे जाऊ शकतो, तिथे वाहून गेलेल्या साकवासाठी आज ना उद्या भांडता येते. जिथे जाऊ शकत नाही, तिथे पूल झाला तरी त्यावरून कोणी कुठे जायचे हे दुसराच ठरवतो. कचेरीतल्या तिसऱ्या खेपेचा राग मनात असू द्यावा, तो लेखी तक्रारीत उतरवावा, ग्रामसभेत उभे राहून बोलावा, मतपेटीत टाकावा. तेवढ्यासाठी घाटापलीकडच्या माणसांनी आयुष्याची वर्षे तुरुंगात काढली, आणि त्यांतले कित्येकजण आपल्या कॅसलरॉकच्या रुळांवरून चालत गेले होते.